विजेच्या मोटारीला वारस कोण?

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे २०००च्या सुमारास थांबले. तरी मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी हटली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधली वीसेक वर्षे तिला जगवले लेथवाल्यांनी, भंगार बाजाराने आणि मिस्त्रींनी.

बंगळुरूची रेवा २००१ साली आली. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या. तशा बॅटऱ्या मिस्त्रीच्या ओळखीच्या. आजच्या लिथियम बॅटरीवर मात्र संगणकाची राखण असते आणि त्याची किल्ली कंपनीकडे. अमेरिकेत २०२४ साली फिस्कर बुडाली, तेव्हा धडधाकट गाड्यांच्या मालकांना संघटना करून सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांमागे धावावे लागले.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात उद्योजकांनी एकगठ्ठा विजेच्या मोटारी घेतल्या, याचा मला अभिमान आहे. पण २०२२च्या नियमांनी बाद बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. उत्पादकच उरला नाही तर? मोटारीतून उतरलेली बॅटरी सौरऊर्जा साठवायला चालू शकते. मात्र ती उघडायची कशी, हे मिस्त्रीला ठाऊक हवे. पद्मिनीचा इतिहास मला एवढेच सांगतो : कारखान्याला कुलूप लागण्याआधी आराखडे आणि किल्ल्या गावाच्या हाती आल्या पाहिजेत.