बोर्डिंगचा इतिहास आणि आपली मुलं



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा मी दुसऱ्या पाळीहून नुकताच घरी आलो होतो. मी काही विद्वान नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर जन्म गेला. जे वाचलं ते विहाराच्या कपाटातलं आणि रद्दीच्या दुकानातलं. पण एक विषय बरीच वर्षं मनात आहे. आपल्या वस्तीतलं पोरगं बारावी होतं, बाहेरगावच्या कॉलेजला नंबर लागतो, होस्टेल मिळतं, सगळी गल्ली एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला जाते, आणि पंधरा दिवसांत ते ट्रंक घेऊन परत येतं. करमत नाही, जेवण गिळत नाही, खोलीतली पोरं बोलत नाहीत. मग कुपवाडच्या एमआयडीसीत कुठंतरी हेल्पर म्हणून लागतं. असा एक पोरगा मी स्वतःच होतो, ते पुढं सांगतो. आधी इतिहास.

आपल्या भागात खेड्यातल्या पोराला शहरात राहून शिकता यावं ही सोय राजर्षी शाहू महाराजांनी केली. १८९६ साली त्यांनी कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एकच वसतिगृह काढलं. पण थोड्याच काळात तिथं ब्राह्मणांचीच मुलं उरली. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १९०१ साली मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. काही शहाणे म्हणतात, महाराजांनी जातवार बोर्डिंग काढून जाती पक्क्या केल्या. मला हे पटत नाही. सगळ्यांसाठी उघडलेल्या दारातून एकाच जातीची मुलं आत जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपलं पोरगं भाकरीचं गठुडं घेऊन कोल्हापुरात उतरलं तर त्यानं रात्री पाठ कुठं टेकायची? त्याचं उत्तर त्यांनी आधी दिलं.

मात्र भिंती होत्या, हेही खरं. जैन बोर्डिंगमध्ये त्या वेळी एक विद्यार्थी राहात होता. त्याचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, विटाळ झाला, आंघोळ कर. त्यानं नकार दिला. बोर्डिंगमधून त्याला काढून टाकलं. तेच पुढं कर्मवीर भाऊराव पाटील झाले. आपण त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णांनी मग आयुष्यभर काय केलं, तर ज्या बोर्डिंगमधून काढलं जाणार नाही अशी बोर्डिंगं बांधली. सुरुवातीचा एक प्रयत्न तर आपल्या मिरज तालुक्यात, दुधगावला झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. तिथं मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सगळी पोरं एका छपराखाली. स्वयंपाक त्यांनीच करायचा, भांडी त्यांनीच घासायची, आणि पंगत एक. पैसे नव्हते तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा गेलं. लेखात ही एक ओळ होते, पण घरात ती काय होत असेल ते आपल्या बायकांना विचारा. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

आता बाबासाहेबांविषयी. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह काढलं. चळवळीचं पाऊल लगेच वसतिगृहाकडे का वळलं? माझी समजूत अशी की बाबासाहेब स्वतः या वाटेनं गेले होते. १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या होस्टेलात त्यांना जागा मिळाली. आणि बघा, ते तिथं एकच आठवडा राहिले! जेवण नीट शिजवलेलं नसे, ते त्यांना रुचेना. म्हणून ते मुंबईची बोट बघायला लागले का? नाही. ते कॉस्मॉपॉलिटन क्लबात राहायला गेले, तिथं काही हिंदी विद्यार्थी होते. पुढं लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा याच नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले.

या दोन्हींच्या मधे १९१७ साल येतं. एवढं शिकून बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर आले, तर गावात राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली पारशी मंडळी आली आणि त्यांना बाहेर काढलं. बाहेर काढणारे पारशी आणि पाच हजार देणाराही पारशी. फरक एवढाच की नवल त्यांच्याबरोबर एका होस्टेलात राहिला होता.

त्यामुळंच १९५० साली औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, तेव्हा नुसते वर्ग घेऊन भागणार नव्हतं. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुलं नागसेनवनाच्या वसतिगृहांत राहिली आणि त्यांतून शिक्षक, लेखक, कार्यकर्ते घडले. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचंही तसंच. १९७२ च्या दलित पँथरचा इतिहास त्या खोल्यांशिवाय लिहिता येत नाही.

आता माझं. १९८७ साली माझा कॉलेजला नंबर लागला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, आता त्याचा काही उपयोग नाही. खोलीत आम्ही चौघं. पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा माठ माझ्या कॉटशेजारून उचलून दाराच्या पलीकडं गेला. कुणी शिवी दिली नाही, अंगावर हात टाकला नाही. नुसता माठ हलला. तेराव्या दिवशी मी ट्रंक घेऊन घरी आलो. वडील काही बोलले नाहीत, ट्रंक माळ्यावर ठेवली. पुढच्या आठवड्यात मी गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. वडिलांनी तरी काय सांगायचं? त्यांनी बोर्डिंग बाहेरूनच पाहिलं होतं. खोली बदलून मागता येते, एवढं साधं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

२०२३ साली माझी मुलगी पुण्याला गेली. सहाव्या दिवशी रात्री फोन, "पप्पा, मला न्यायला या." बायको पिशवी भरायलाच लागली. मी मुलीला हार्टले हॉलची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, बाबासाहेबांनी आठवड्यात खोली बदलली, तूही बदल, उद्या वॉर्डनबाईंना भेट. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. पण ती भेटली. आता जतची एक आणि नंदुरबारची एक अशा दोघींबरोबर राहते. शेंगदाण्याची चटणी तिघींच्या मापानं पाठवावी लागते, आणि जतच्या घरची बाजरीची भाकरी आमच्यापेक्षा बरी असते असं आम्हाला ऐकवलं जातं.

शासनाची वसतिगृहं अपुरी आहेत. २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. वसतिगृहात नंबर लागला नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात. त्याचा अर्ज वेळेत भरा. पण फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. माझी मंडळाला एक विनंती आहे. वस्तीतली जी मुलं-मुली होस्टेलात राहून आली, त्यांनी दर जूनमध्ये एका रविवारी वंदनेनंतर नव्या मुलांजवळ बसावं. पहिल्या दिवशी पोराबरोबर त्यांच्यातलं एक जण जावं, आई-बाप नकोत, आम्ही रडतो. त्यासाठी मी एक वही आणून कपाटात ठेवली आहे, त्रिशरणाच्या पुस्तकांशेजारी. कोणत्या गावी कोण आहे, फोन नंबर काय, ते तिच्यात लिहायचं. आत्तापर्यंत सात नावं झाली आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.