भेटीचं गाणं, भेटीची तारीख

आता आपण एका गाण्याकडे वळू. ‘वुई विल मीट अगेन’ हे १९३९ सालचं, युद्धकाळातल्या ताटातुटीचं गाणं. व्हेरा लिन यांनी ते घराघरांत पोहोचवलं. ५ एप्रिल २०२० रोजी राणी एलिझाबेथ यांनी लॉकडाऊनमधल्या ब्रिटिशांना धीर देताना भाषणाच्या शेवटी वापरले ते हेच शब्द. ऐंशी वर्षांपूर्वीचं गाणं पुन्हा उपयोगी का पडलं? कारण त्यात भेटीचा भरवसा आहे, तारीख नाही. तारीख पुढे सरकारनं दिली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या घरातल्या आप्तांना मिठी मारायची सर्वांना मुभा मिळाली १७ मे २०२१ला! व्हेरा लिन त्याआधीच, १८ जून २०२० रोजी गेल्या. या दोन तारखांच्या मधे जे गेले, त्यांच्यापैकी अनेकांची भेट राहूनच गेली. हेही आपण इतिहासात नोंदवायला हवं.