नेपाळला व्हिसा का लागत नाही?

नेपाळ परदेशच. तरी पशुपतिनाथाला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या कायद्यानं इंग्रजांनी भारतात येणाऱ्यांना पासपोर्टची सक्ती केली. नेपाळची सीमा मात्र खुलीच राहिली. सीमेवरच्या गावांचा रोटी-बेटीचा व्यवहार, तो कोण अडवणार? ३१ जुलै १९५० च्या करारानं तर दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, फिरायची, धंदा करायची मुभा दिली.

पण व्हिसा नाही म्हणजे कागदच नको, असं नव्हे. काठमांडूच्या विमानाला १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड लागतं, नुसतं आधार चालत नाही. आपल्या बायकांचं घोडं अडतं ते नावापाशी: तिकिटावर सासरचं, कार्डावर माहेरचं. तिकीट काढतानाच कार्ड समोर ठेवा.