‘कास्ट’ शब्दाचे कूळ

इंग्रजी कोश चाळताना परिचित शब्दच आम्हांस अधिक चकवितात. ‘मँगो’ हा शब्द दक्षिणेतील भाषांतून पोर्तुगिजांच्या ‘मांगा’च्या रूपाने इंग्रजीत गेला. ‘आया’ तर आम्हांस घरचीच वाटते. पण तीही मुलांना सांभाळणारी पोर्तुगीज ‘आइया’च होय.

विचार करावयास लावतो तो ‘कास्ट’. पोर्तुगीज ‘कास्ता’ म्हणजे वंश, कूळ, वाण. सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगिजांनी तो शब्द येथील समाजास लावला व पुढे इंग्रजांनी तो उचलला. वर्ण चार, जाती अगणित, हा आमच्या भाषेने राखलेला भेद त्या एका शब्दात बुजून गेला.

अशा शब्दांची वंशावळ यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात मांडली. बार्देशातील आसगावचे सुपुत्र मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद (१८५५–१९२२) यांनी १९१९ व १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशात ती आणखी विस्तारली.

परक्याने दिलेल्या नावाने आपण स्वतःस ओळखू लागलो, की विचारही त्याच्याच मापाने होऊ लागतो. म्हणून शब्दाचा अर्थ पाहून कोश मिटू नये. तो शब्द कोणी, कोणास व कशासाठी दिला, हेही विचारावे, असे आम्हांस वाटते.