पायी चालणाऱ्याची दुर्बीण

दिल्लीच्या पालम विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला आपण कोणत्या भूमीवर पाय ठेवीत आहोत, याची सहसा कल्पना नसते. मोगल काळात पालमचे हे माळरान बादशाही शिकारीचे राखीव रान होते. जहांगीर व शाहजहान यांच्या शिकारीची वर्णने वाचताना पालमचे नाव वारंवार भेटते. त्याही पूर्वी, चौदाव्या शतकात, फिरोजशाह तुघलकाने दिल्लीच्या डोंगरधारेवर शिकारीसाठी वाडे बांधले. पीर गायब आणि मालचा महाल या नावांनी त्यांचे अवशेष आजही उभे आहेत. पश्चिम दिल्लीत हस्तसाल येथे शाहजहानच्या काळातील शिकारी मिनार आहे. आता त्याच्या भोवती दाट वस्ती झाली असून वरून हरिण दिसण्याचा प्रश्नच उरलेला नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त तसे किरकोळ आहे. शिकारीच्या रायफलीवर हलकी दुर्बीण कशी निवडावी, असा एक प्रश्न जगभरच्या शिकाऱ्यांत दीर्घकाळ चर्चिला गेला. वरवर पाहता हा छंदी माणसांचा विषय. परंतु त्यातील ‘हलकी’ या एका विशेषणात शिकारीच्या इतिहासाचे बरेचसे मर्म साठलेले आहे, असे मला वाटते.

बंदुकीचे वजन ही बाब फार जुनी आहे. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही बंदुकांविषयी बारकाईने लिहिले आहे. बंदूक कोठल्या लोखंडाची, त्या लोखंडाचे वजन किती, कारागीर कोण, ती कोठे व केव्हा घडली, अशा गोष्टींची नोंद बंदुकीवरच कोरली जात असे. अकबराच्या खास बंदुकीचे नाव ‘संग्राम’. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात जयमल याच बंदुकीने पडला आणि तिने १,०१९ जनावरे मारली, असे तो सांगतो. या तोडेदार बंदुका लांब व जड असत. म्हणून मोगल चित्रांत नेम धरणाऱ्या बादशहाची बंदूक बहुधा कशावर तरी टेकलेली दिसते.

उघड्या नजरेने नेम धरण्यात एक मूळची अडचण असते. मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे जनावर या तीन वस्तू तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात. डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहू शकतो. दुर्बीण नेमकी हीच अडचण दूर करते. तिच्यातील फुलीची रेघ आणि सावज ही दोन्ही एकाच पातळीवर, सारखीच स्पष्ट दिसतात.

ही सोय रायफलीला प्रथम जोडणाऱ्यांत आपल्याकडचाही एक माणूस होता. अमेरिकेत १८४० च्या दशकात जॉन चॅपमन याने सुचविलेल्या रचनेवरून मॉर्गन जेम्स या कारागिराने दुर्बिणी तयार केल्या. सुमारे त्याच कालखंडात मुंबई सैन्यातील डेव्हिड डेव्हिडसन हा स्कॉटिश अधिकारी हिंदुस्थानातील वास्तव्यात शिकारी रायफलीवर दुर्बीण बसवून पाहत होता. उघड्या माळावर दुरूनच सावध होणाऱ्या काळविटाच्या मागे जो हिंडला असेल, त्याला ही कल्पना का सुचली हे सांगावे लागणार नाही. पुढे अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, दक्षिणेकडील नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर डेव्हिडसनचीच दुर्बीण डाव्या बाजूस बसविलेली असे. शिकारीचे साधन माणसावर रोखले जाण्यास फार काळ लागला नाही.

त्या आरंभीच्या दुर्बिणी म्हणजे लांबच लांब नळ्या होत्या. काहींची लांबी जवळजवळ बंदुकीच्या नळीएवढी असे. हे ओझे घेऊन डोंगर चढणे सोपे नव्हते. म्हणून पुढील शतकभर दुर्बीण अधिक स्वच्छ आणि त्याबरोबरच अधिक हलकी करण्याचे प्रयत्न चालू राहिले. १९३० साली अमेरिकेत विल्यम वीव्हर याने पाऊण इंच व्यासाच्या नळीची, सामान्य शिकाऱ्याला परवडणारी दुर्बीण बाजारात आणली. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. अशी दहा पृष्ठे असली तर एक-तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. १९३५ साली जर्मनीतील झाइस कारखान्यात स्माकुला याने भिंगावर अतिशय पातळ लेप देऊन ही हानी कमी करण्याची युक्ती काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या नळ्या रूढ झाल्या.

मग निवड कशी करावी? जाणत्यांचे उत्तर साध्या भागाकारावर आधारलेले होते. पुढच्या भिंगाचा व्यास दुर्बीण जितकी पट मोठे दाखविते त्या आकड्याने भागला, म्हणजे डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ३२ मिलिमीटरचे भिंग आणि चौपट दर्शन असेल, तर ते वर्तुळ ८ मिलिमीटरचे. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, पन्नाशीच्या सुमारास ५ च्या आसपास. तेव्हा चौपट दुर्बिणीला याहून मोठे भिंग लावणे म्हणजे डोळ्यात न शिरणाऱ्या प्रकाशासाठी वजन वाहणे होय. शिवाय मोठे भिंग बसविण्यासाठी दुर्बीण उंच बांधावी लागते, दस्त्यावर टेकलेला गाल उचलावा लागतो आणि नेम डळमळतो. दर्शन जितके मोठे, तितकी हाताची थरथरही मोठी दिसते आणि नजरेत मावणारे क्षेत्र आकसते. अडीचशे-तीनशे ग्रॅमची साधी दुर्बीण आणि तिच्या दुप्पट वजनाची भारी दुर्बीण यांत, धापा टाकीत टेकडी चढून आलेल्या माणसाला पहिलीच अधिक उपयोगी पडे.

या सल्ल्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते म्हणजे शिकारी पायी चालतो. सावजाला एक संरक्षण त्याच्या वेगाचे असते, तर दुसरे शिकाऱ्याच्या थकव्याचे. खांद्यावरचे प्रत्येक ओझे जनावराच्या बाजूने साक्ष देते. आपल्याकडे वाघाच्या शिकारीत दुर्बिणीचा फारसा संबंध आला नाही, कारण माचाणावरून किंवा हाक्यात गोळी जवळूनच सुटे. जिम कॉर्बेटची आवडती .२७५ रिग्बी रायफल हलकी होती आणि तिच्यावर दुर्बीण नव्हती. नरभक्षकाच्या मागावर तो मैलोगणती पायी हिंडे.

पायांची ही मर्यादा बादशहाला नव्हती. जहांगीराने आपल्या आठवणींत बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशेब मांडला आहे. त्याच्यासमक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली. त्यांतील १७,१६७ त्याने स्वतः मारली. त्याच्यापाशी दुर्बीण नव्हती. परंतु हाके घालणारी हजारो माणसे आणि पाळलेले चित्ते होते. तो दुसऱ्यांच्या पायांनी चालत होता.

विसाव्या शतकात जीपगाडी आली आणि बादशहाचे पाय कोणालाही मिळू लागले. आता रायफल गाडीने वाहायची, रात्री प्रखर दिव्याने जनावराचे डोळे दिपवायचे! अशा शिकारीत दुर्बीण हलकी की जड, हा प्रश्नच गैरलागू ठरला आणि त्याबरोबर मर्यादाही संपली. १९४७ साली कोरियाचे महाराज रामानुजप्रतापसिंह देव यांनी रात्रीच्या वेळी गाडीतून जाताना तीन चित्ते टिपले. भारतातील चित्त्यांची ती अखेरची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माळामाळांवरचे काळवीटही त्याच सुमारास झपाट्याने विरळ होत गेले.

सारा दोष दुर्बिणीच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. स्वच्छ दिसले तर गोळी वर्मी लागते. जखमी होऊन झुडपात तडफडत मरणे जनावराच्या नशिबी येत नाही. पिकांच्या नासाडीमुळे २०१५ साली बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय उपद्रवी ठरविली गेली. असे अप्रिय काम करावेच लागले, तर तेथे चांगली दुर्बीण ही दयाच ठरते. साधन तेच असते. ते दयेचे की नाशाचे, हे त्यामागच्या आवरावर अवलंबून असते.

जो आवर पूर्वी पाय घालीत, तो पुढे कायद्याला घालावा लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला संरक्षण दिले. १९८० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे खास काळविटांसाठी अभयारण्य झाले. तेथे जाणारा माणूसही गळ्यात हलकी दुर्बीण अडकवितो, भिंगाचा व्यास पाहतो आणि तोच भागाकार करतो. फरक एवढाच, की त्याच्या दुर्बिणीखाली नळी नसते. पालमच्या माळावर हे सुख आता कोणालाच मिळणार नाही. रेहेकुरीला ते मिळते. तेथे मात्र गाडी बाहेर ठेवून थोडे पायी चालावे.