मौन एकाचे, तक्रार सर्वांची : मोटारीतील दोन तारांचा इतिहास

१/ मोटारीच्या फलकावर ब्रेक, स्टिअरिंग, गिअर असे अनेक इशारादिवे एकदम उजळतात. सारी यंत्रणा कोसळल्याचा भास होतो. दोष मात्र कित्येकदा एखाद्याच तारेत असतो. तो शोधण्याची आजची पद्धत दोन स्वतंत्र इतिहासांतून घडली आहे. एक जर्मनीतला, दुसरा कॅलिफोर्नियातला. 🧵

२/ पूर्वी प्रत्येक स्विचची तार वेगळी असे. दिवा लागला नाही की तीच तार टोकापर्यंत तपासायची. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वाढले, तशी वायरिंग अवजड व गुंतागुंतीची होत गेली.

३/ १९८३ मध्ये बॉश कंपनीने यावर काम सुरू केले. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉईट येथे ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’, म्हणजेच कॅन, जगापुढे आले. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवर सर्व नियंत्रक बोलतात. दोघे एकदम बोलू लागले, तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान, तो पुढे जातो, दुसरा थांबतो.

४/ या रचनेत एक विलक्षण शिस्त आहे. प्रत्येक नियंत्रक स्वतःच्या चुका मोजतो. संदेश पाठवतानाच्या चुकांची मोजणी २५५ च्या पुढे गेली, की तो स्वतःहून संभाषणातून बाहेर पडतो.

५/ परिणामी तक्रार इतरांकडून येते : ‘अमुक नियंत्रकाशी संपर्क तुटला.’ अशा दोषांचे संकेतांक ‘यू’ या अक्षराने सुरू होतात. तक्रार नोंदवणारा येथे केवळ साक्षीदार असतो. मौनाचे कारण जळालेला फ्यूज, गंजलेला जोड किंवा तुटलेली तारही असू शकते.

६/ आता कॅलिफोर्निया. धुरक्याने त्रस्त झालेल्या या राज्याने १९८८ च्या मॉडेलांपासून मोटारींना स्वतःचे दोष ओळखण्याची सक्ती केली. परंतु प्रत्येक कंपनीचा सॉकेट वेगळा, संकेतांक वेगळे. ओबीडी-२ या नियमाने १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना १६ पिनांचा एकच सॉकेट आला. २००८ च्या मॉडेलांपासून तेथे त्यावर कॅनही अनिवार्य झाले.

७/ येथे दोन्ही इतिहास एकत्र येतात. बॅटरी सोडवून या सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांवर मल्टिमीटर लावला, की सुस्थितीत साधारण ६० ओहम दिसतात. कारण कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. १२० दिसले, तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आकडा आला, तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

८/ धुरावर नियंत्रण ठेवण्यासाठी केलेल्या कायद्याने असे छोट्या गॅरेजच्या हाती निदान दिले. भारतातही एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ लागू झाले.

९/ तरी सर्व माहिती खुली झाली नव्हती. दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकांनाही मिळावी, असा कौल मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दिला. मोटारी माहिती बिनतारी पाठवू लागल्यावर २०२० मध्ये त्यांना तोच प्रश्न पुन्हा सोडवावा लागला. मोटार विकत घेणाऱ्याला तिचा दोष वाचण्याचा हक्क आहे का, हा वाद त्या सॉकेटइतकाच जुना आहे आणि अजून मिटलेला नाही.