फिरंगरोग आणि गुप्तरोग : दोन नावांचा इतिहास

गरमी, परमा, उपदंश, फिरंगरोग, गुप्तरोग ही मराठीत लैंगिक संसर्गाने जडणाऱ्या विकारांची नावे. त्यांपैकी ‘उपदंश’ हा शब्द प्राचीन वैद्यकातला. ‘गरमी’ व ‘परमा’ हे लोकांच्या बोलण्यातले. उरलेली दोन नावे मात्र विशेष विचारास पात्र आहेत. ‘फिरंगरोग’ हे नाव रोग कोणी आणला ते सांगते. ‘गुप्तरोग’ हे नाव तो लपवावा असे सुचविते. पहिल्यात परक्यावर ठपका आहे, दुसऱ्यात स्वतःची लाज आहे. या दोन भावनांनी रोगनिवारणाची वाट किती काळ अडवून धरली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१४९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याने नेपल्स घेतले आणि त्याच्या सैन्यात या रोगाची भयंकर साथ उद्भवली. इटालियनांनी तिला फ्रेंचांचा रोग म्हटले. फ्रेंचांनी नेपल्सचा म्हटले. प्रत्येकाने शेजाऱ्याचे नाव पुढे केले. सोळाव्या शतकात आपल्याकडे भावमिश्राने ‘भावप्रकाश’ ग्रंथात फिरंग्यांच्या संसर्गाने होणारा तो फिरंगरोग असे वर्णन केले आणि त्यावर चोपचिनी सांगितली. त्याच शतकात, १५३४ मध्ये, गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला. औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातही चीनमधून येणाऱ्या या मुळीवर एक स्वतंत्र संवाद आहे. म्हणजे ठपका ठेवणारे आणि ज्यांच्यावर तो ठेवला ते, दोघेही एकाच मुळीचा काढा घेत होते! रोगाला फिरंगी आणि देशी हा भेद ठाऊक नव्हता.

एकोणिसाव्या शतकात हा ठपका कायद्यात शिरला. गोऱ्या शिपायांत या रोगांचे प्रमाण मोठे होते. त्यासाठी १८६४ मध्ये छावण्यांचा कायदा झाला आणि १८६८ मध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी नाव नोंदवावे, ठराविक काळाने तपासणीस यावे आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडून घ्यावे, असा त्याचा आशय होता. संसर्ग दोघांत होतो, परंतु ही सक्ती मात्र एकट्या स्त्रीवर होती. मुंबई शहरात हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, मध्यंतरी बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि अखेर १८८८ मध्ये रद्द झाला.

हा कायदा अन्याय्य होता, हे आज सर्वांनाच पटेल. पण तो निरुपयोगीही होता, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. त्या काळी रक्ताची परीक्षा नव्हती. डॉक्टर केवळ डोळ्यांनी पाहत. उपदंशाचा पहिला व्रण काही आठवड्यांत आपोआप भरतो आणि रोग शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो. परम्याची तर अनेक स्त्रियांत बाह्य लक्षणेच दिसत नाहीत. तेव्हा ‘निरोगी’ म्हणून सोडलेली स्त्री रोगी असू शके. शिवाय जेथे तपासणी म्हणजे कोंडवाडा, तेथे माणूस तपासणीपासून पळणारच. निवारणासाठी योजलेली सक्ती अशा रीतीने रोगाला लपण्यास साहाय्यकारक झाली.

खरे साधन पुढे प्रयोगशाळेतून आले. १८७९ मध्ये नायसरने परम्याचा जंतू दाखविला. १९०५ मध्ये शाउडिन व हॉफमन यांनी उपदंशाचा. १९०६ मध्ये वासरमानची रक्तपरीक्षा निघाली. १९१० मध्ये एर्लिख व हाता यांचे साल्व्हर्सान हे औषध प्रचारात आले, आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे सिद्ध झाले. रक्ताच्या थेंबाला जात, देश वा शील नसते. दडलेला रोग उघड करण्याचे साधन आता हाती आले होते. अडसर उरला तो लाजेचा.

तो दूर करण्याचे काम मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी अंगावर घेतले. गणिताचे हे प्राध्यापक १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवीत होते. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ या पुस्तकातून आणि जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून त्यांनी हा विषय पापपुण्याच्या कक्षेतून काढून आरोग्याच्या कक्षेत आणला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते साध्या मराठीत उत्तरे देत. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही त्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले. ज्यांच्या शंकांना घरात वा शाळेत उत्तर नव्हते, त्यांना ते मातृभाषेत देणारा कोणीतरी होता, हे त्यांचे ऋण मराठी वाचकाने विसरू नये.

इतके होऊनही जुनी वृत्ती संपली नव्हती. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला आणि ‘परक्यांचा रोग’ ही भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली. गार्सियाच्या गोव्यातच फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याला त्याच्या रक्तात विषाणू आढळला म्हणून पोलिसांनी नेले आणि म्हापशाच्या एका बंद क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवले. सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात तशी तरतूद होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने तरतूद वैध ठरविली. आपल्यासारख्या बाधितांसाठी संस्था उभारून डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. शतकापूर्वीचे लॉक हॉस्पिटल आणि म्हापशाची ती खोली यांत तत्त्वतः कोणता भेद होता?

भेद घडला तो २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्सविषयक कायद्याने. चाचणीपूर्वी माणसाची संमती घ्यावी आणि तिचा निष्कर्ष गोपनीय राखावा, हे त्याने सामान्यतः बंधनकारक केले. १८६८ च्या कायद्याची ही उलट बाजू होय. आज गर्भवतींची उपदंश व एचआयव्ही या दोहोंसाठी तपासणी होते. वेळीच उपचार मिळाल्यास बालकाला संसर्गापासून वाचविता येते. परम्याचा जंतू मात्र एकामागून एक औषधांना दाद देईनासा झाला आहे. तेव्हा निरोधाचा वापर आणि वेळेवर परीक्षा यांचे महत्त्व वाढलेच आहे.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. रोग्याची गोपनीयता राखणे वेगळे आणि रोगाचे ज्ञानच गुप्त ठेवणे वेगळे. पहिल्याने माणूस निर्भयपणे दवाखान्यात येतो. दुसऱ्याने तो भोंदू वैद्याच्या जाहिरातीकडे वळतो. आपल्या व्यवहारात मात्र अनेकदा याच्या उलट घडते : रोग्याचे नाव गावभर होते आणि रोगाविषयी कोणी बोलत नाही. शिक्षकांच्या हाती शब्द असतात. या रोगांची लक्षणे, त्यांचा प्रतिबंध आणि त्यांची परीक्षा ही वर्गात सरळ मराठीत सांगितली गेली, तर ‘गुप्तरोग’ हे नावही ‘फिरंगरोगा’प्रमाणे जुन्या कोशांतच उरेल.